पूर्ण वेढा की पाऊण? ॲसिडिटीच्या ऑपरेशननंतरचे दिवस

एंडोस्कोपी, चोवीस तासांची पीएच तपासणी (आम्ल किती वर येतं ते पाहणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेचा जोर मोजणारी) असे तिन्ही रिपोर्ट ज्यांच्या हातात आहेत आणि सर्जनने ‘करून टाकू’ म्हटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रोज सकाळची गोळी, डोक्याखाली दोन उशा, रात्री घशाशी येणारं आंबट पाणी हे सगळं तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती पूर्ण गुंडाळून घ्यायचा, की पाऊण? पूर्ण म्हणजे निस्सेन, ३६० अंशांचा वेढा. पाऊण म्हणजे टूपे, मागच्या बाजूने साधारण २७० अंश आणि पुढे थोडी जागा मोकळी.

हा प्रश्न आपणही विचारू शकतो हे पुष्कळांच्या डोक्यात येत नाही. सर्जन आपल्या सवयीची पद्धत सांगतो आणि आपण सही करतो. माझ्या बाबतीत एवढंच वेगळं की घरात दोन्ही नमुने आहेत. धुळ्याच्या मोठ्या दाजींचा वेढा पूर्ण, माझा पाऊण. दोघांचंही ऑपरेशन दुर्बिणीतून, दोघांचाही हायटस हर्निया, म्हणजे छातीच्या पडद्यातल्या भोकातून जठर वर सरकणं, त्याच वेळी शिवलेला. दाजींचं आधी झालं, त्यामुळे चोपड्याला घरी परत येऊन मी जे ठरवलं ते बरंचसं त्यांच्याकडे बघून.

नवं-जुनं म्हणून निवडायचं असेल तर त्यात काही हाती लागत नाही. निस्सेन यांनी आपली पद्धत १९५६ साली मांडली, टूपे यांनी १९६३ साली. पूर्ण वेढा दुर्बिणीतून घातल्याचं पहिलं लिखाण १९९१चं आहे. दोन्ही पद्धती मुरलेल्या आहेत.

पहिले काही दिवस दोघांचे सारखेच गेले, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. दुर्बिणीसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड छातीच्या पडद्याला त्रास देतो आणि कळ खांद्यात निघते. फेऱ्या मारल्या की उतरते. ओकारीची उबळ आली तर लाजू नका, लगेच सांगा आणि इंजेक्शन घ्या. ताज्या टाक्यांना तो ताण सोसत नाही. मोठ्या गोळ्या कुटून घ्याव्या लागतात, पण कुठली गोळी कुटायची नाही हे आधी विचारून घ्या. जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद. आमच्या भागात केळीचा घड खांद्यावर घ्यायची किंवा फवारणीचा पंप पाठीवर अडकवायची सवय असते, त्यामुळे घरात दटावणारं माणूस लागतंच. माझ्याकडे आई होती.

फरक दिसायला लागला तो पातळावरून मऊ जेवणावर येताना. आत सूज असते, त्यामुळे घास छातीच्या हाडामागे थबकतो. हे दोन्हींत होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. पण दाजींचा घास अडला की ते ताटावरून उठून भिंतीला टेकून उभे राहायचे. थुंकीसुद्धा खाली उतरायची नाही. ताई पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी, आणि ते हातानेच ‘नको’ म्हणायचे, कारण पाणी वरच साचायचं. माझा घास थबकायचा, मी चमचा खाली ठेवायचो, थोड्या वेळात तो जायचा. दाजींना खिचडीवरून पुढे सरकायला श्रावण उजाडला. मी संक्रांत उलटल्यावर भाकरी खात होतो.

दाजींचं ऑपरेशन भर वैशाखात झालं आणि माझं मार्गशीर्षात, हे तुलना करताना जरूर वजा करा. दोन माणसांची शरीरंही वेगळी. तरी अंतर बरंच होतं.

आणि हो, भाकरीच, पोळी नव्हे. ताज्या मऊ पोळीचा तोंडात चिकट गोळा होतो आणि नेमका तोच अडकतो. दादर ज्वारीची भाकरी दुधात किंवा मुगाच्या पातळ वरणात कुस्करून ठेवली आणि नीट भिजू दिली की सहज उतरते. कळण्याची भाकरी मात्र सुरुवातीला नको, उडदाने पोट धरतं. फुणके, डुबुक वडे यांचंही तेच, डाळीचा असा जड प्रकार उशिरा सुरू करावा. पिकलेलं केळं चमच्याने मोडून खायचं. जळगाव जिल्ह्यात राहून निदान त्याची तरी चणचण नाही.

आता माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती सांगतो. ढेकर.

जेवताना, पाणी पिताना, बोलताना आपण हवा गिळतच असतो आणि ती अधूनमधून वर सोडतो. आपलं लक्षही नसतं. पूर्ण वेढा आम्ल अडवतो तसा हवाही अडवतो. मग ती जठरात थांबते आणि हळूहळू खालच्या वाटेने जाते. डॉक्टर हे सांगतात, नाही असं नाही. पण सहीच्या कागदावर ‘पोटफुगी होऊ शकते’ एवढं वाचून त्याची कल्पना येत नाही. दाजींचं पोट जेवल्यावर अर्ध्या तासात नगाऱ्यासारखं ताणायचं. सदऱ्याची खालची बटणं सोडून ते ओसरीवर येरझाऱ्या घालायचे, छातीवर मूठ दाबून, ढेकर येईल म्हणून मान वर करून. यायची नाही. तासाभराने वारा सरू लागायचा, आणि मग चारचौघांत बसायची सोय उरायची नाही.

दाजी म्हणजे सोयरिकीत, वाटणीत, भांडणात मध्यस्थीला बोलावले जाणारे गृहस्थ. बैठकीत तासन्‌तास मांडी घालून बसायचे. ऑपरेशननंतर ते लग्नाला जायचे तर अक्षता टाकून, पंगत बसायच्या आत निघायचे. घरचे म्हणायचे, जळजळ गेली, गोळ्या सुटल्या, आता काय राहिलं? राहिलं होतं ते हे. बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

उन्हाळ्याने त्यात भर घातली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हातून आलेला माणूस तांब्या वर धरून गटागटा पितो, आणि त्या पाण्याबरोबर भरपूर हवा पोटात जाते. दाजींना घोट-घोट प्यायला सांगितलेलं. तशाने तहान भागत नाही, आणि एखाद्या दुपारी भागवली तर ती दुपार पोट धरून काढावी लागायची. लिंबू-सोडा तर कायमचाच सुटला. ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतरची घ्या, कुठलाही वेढा असो.

माझ्या वेढ्यात समोर जी जागा मोकळी ठेवली आहे, तिथून थोडी हवा वर सुटते. सुरुवातीला मलाही सुटत नव्हती आणि दाजींचं चित्र डोळ्यांसमोर येऊन मी धास्तावलो होतो. मग एका संध्याकाळी ताक-भात खाऊन बसलो असताना बारीकशी ढेकर आली. बायकोने आतूनच विचारलं, ‘आली का हो?’ आईने देवापुढे साखर ठेवली. तेव्हापासून पोट जड वाटलं की थोडं चालतो, आणि बहुतेक वेळा मोकळं होतं. नेहमी होतं असं नाही. घाईघाईत जेवलो, जेवताना फोनवर बोललो तर मलाही फुगी येते. फरक एवढाच की ती माझा दिवस खात नाही.

हे केवळ आमच्या दोन घरांचं आहे असंही नाही. दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवून झालेल्या चाचण्यांचा कल साधारण असाच आहे: पाऊण वेढ्यात गिळायचा त्रास आणि पोटफुगी कमी, आणि आम्ल अडवण्यात फार मोठा फरक नाही. सर्जनने मला हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली, पण माझा विश्वास बसला तो ओसरीवरच्या त्या येरझाऱ्या आठवून.

खान्देशी माणसाची परीक्षा वरण-बट्टीला असते. दाजी आजही बट्टीचा अगदी बारीक चुरा करून, वरणात भिजवून, तूप घालून थोडीशी खातात, तीही घरी. मी पंगतीत बसून खातो. कमी खातो, सावकाश खातो, वाढप्याला हात आडवा करतो, पण बसतो. भरीत दोघांनाही जातं, वांगं मऊच असतं. त्याच्याबरोबरच्या पुऱ्या मात्र मला अजून जपून खाव्या लागतात.

उलटीचंही एक सांगायला हवं. लग्नसराईत दाजींना एकदा बाहेरचं बाधलं. मळमळ, उबळीवर उबळ, पण बाहेर काही पडेना. शेवटी दवाखान्यात नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं. पूर्ण वेढ्यात उलटी होणं अवघड जातं, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, म्हणजे अशा वेळी घरगुती उपायांत रात्र घालवली जात नाही. पाऊण वेढ्यात ती सोपी असते असा दावा मी करणार नाही, माझ्यावर अजून वेळ आलेली नाही.

आता दाजींच्या बाजूने. ऑपरेशननंतर त्यांनी आम्लाची गोळी घेतलेली नाही. मला रात्री उशिरा तेलकट खाणं झालं तर क्वचित घ्यावी लागते. त्यांची पोटफुगीही पहिल्यासारखी उरलेली नाही. लहान-लहान जेवणं, जेवताना बोलणं बंद आणि नंतर चालणं, यांनी ती पुष्कळ उतरली. मी एकदा विचारलं, ‘दाजी, परत करायचं असतं तर पाऊण केलं असतं का?’ तर म्हणाले, ‘बापू, मी रात्री आडवा झोपतो रे आता. बाकीचं सोसतो.’ कित्येक वर्षं बसून रात्र काढलेल्या माणसाचं हे म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्यांना रात्री आंबट पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, ज्यांचा त्रास फार जोराचा आहे, त्यांना सर्जन पूर्ण वेढा सुचवत असेल तर त्याला कारण असतं. पुढे काही वर्षांनी गोळ्या परत सुरू कराव्या लागतात असे रुग्णही दोन्ही पद्धतींत असतात. कायमची हमी कुणीच देत नाही.

पण तुमचा त्रास माझ्यासारखा मध्यम असेल, चारचौघांत बसणं-उठणं, बोलणं हाच तुमचा दिवस असेल, तर मी पाऊणकडे झुकेन. मॅनोमेट्रीत अन्ननलिकेचा जोर कमी दिसला असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. अशा वेळी बहुतेक सर्जन स्वतःच पाऊण सुचवतात, कारण कमजोर नळीला पूर्ण वेढ्यातून घास ढकलणं जड जातं. रिपोर्टमधलं ते पान उघडून समोर ठेवा आणि त्याबद्दल विचारा.

शिवाय सर्जनला सरळ विचारा: तुम्ही यातलं कुठलं जास्त करता? मला विचारायला संकोच वाटत होता, पण त्यांनी राग न धरता उत्तर दिलं. त्यांचा हात पूर्ण वेढ्यावरच बसलेला असेल तर आग्रह करून त्यांच्याकडून पाऊण करून घेऊ नका. पाऊण हवाच असेल तर तो नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यासाठी नाशिक-पुणे गाठावं लागलं तरी. आणि परतीच्या प्रवासात दर तासाला गाडी थांबवून चार पावलं चाला, खांदा बराच मोकळा राहतो.