पाहुणे गायक की स्वतःचाच गळा? स्लॅश आणि क्लॅप्टन
गिटारवादक स्लॅशचा ‘ऑर्जी ऑफ द डॅम्ड’ (2024) आणि गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचा ‘फ्रॉम द क्रेडल’ (1994) : दोन्ही ब्लूजचे (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत) अल्बम, दोन्हींत जुन्या गाण्यांची कव्हर्स, म्हणजे इतरांची गाणी नव्याने गायलेली. फरक गळ्याचा. स्लॅश गात नाही. 12 पैकी 11 गाण्यांना पाहुणे आहेत, शेवटचं वाद्यसंगीत. क्लॅप्टन 16ही गाणी स्वतः गातो, तीही बँडसोबत जवळजवळ सगळी थेट रेकॉर्ड केलेली.

‘हूची कूची मॅन’ दोन्हींत आहे, तेच लागोपाठ ऐका. कडव्याच्या 16 मात्राखंडांपैकी (बार) पहिल्या आठांत बँड एक रिफ (छोटी, पुन्हा पुन्हा येणारी धून) वाजवून थांबतो आणि गायक मोकळ्या जागेत ओळ टाकतो. तिथे गळ्याला लपायला जागा नाही. क्लॅप्टन हे गाणं गाजवणाऱ्या मडी वॉटर्सची धाटणी इतकी जवळून पकडतो की नक्कल वाटू लागते. स्लॅशकडे ‘झीझी टॉप’ बँडच्या बिली गिबन्सचा खरखरीत आवाज गाणं आपल्याकडे ओढतो.

पाहुण्यांची किंमतही आहे. रॉक गायक इगी पॉपपासून पॉप गायिका डेमी लोव्हॅटोपर्यंत दर गाण्याला मूड बदलतो, सलग ऐकताना धागा तुटतो. शिवाय ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ मुळात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं सोल संगीत, ब्लूज नव्हेच! ब्लूज शिकायचा असेल तर आधी क्लॅप्टन. स्लॅशच्या अल्बममधून गायिका बेथ हार्टचं ‘स्टॉर्मी मंडे’ मात्र सोडू नका.