घोडेस्वारीचा प्राथमिक वर्ग: आधी बैठक, मग लगाम

पुण्याबाहेरच्या या रायडिंग स्कूलमध्ये पहिले सहा धडे शिकणाऱ्याच्या हाती लगाम देतच नाहीत. ‘पैसे भरून नुसतं गोल गोल फिरवतात’ ही पालकांची नेहमीची तक्रार. आमच्या मते फी वसूल होते ती इथेच.

घोडा साधारण आठ मीटरच्या दोरीवर फिरतो, दोरी प्रशिक्षकाकडे. स्वार रिकिबीविना, हात कमरेवर. दुडक्या चालीत तोल गेला की नवखा माणूस हाताला लागेल ते धरतो. लगाम असेल तर हिसका थेट घोड्याच्या तोंडात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या ज्या मोकळ्या हिरडीवर लगामाची कडी टेकते, तिथे हाडावर पातळ त्वचा तेवढी असते. रोज हिसके खाणारा घोडा आधी मान वर फेकतो, पुढे तोंडाने बधिर होतो आणि मग कोणीतरी काटेरी लगाम सुचवतं. (१९६५च्या केंद्रीय नियमांनी त्यावर बंदी आहे, तरी लग्नाच्या वरातीत तो दिसतोच.) इथे तोल सुटला तर धरायला घोड्याच्या गळ्यात पट्टा असतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नव्या स्वाराची बैठक अशीच दोरीवर घडवतात.

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळत नाहीत. आधी सैल, चार पावलं चालवून एक-दोन भोकं, स्वार चढल्यावर पुन्हा तपासणी. चढायला लाकडी पायरी आहे. जमिनीवरून डाव्या रिकिबीला लटकून चढलं की खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि पाठ पिळवटते. दुडकीत घोड्याचा वर्तुळाबाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की त्याबरोबर उठायचं, दिशा बदलली की एक ठोका जास्त बसायचं, हेही सुरुवातीलाच घोटून घेतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो. त्यासाठी दारातच वजनकाटा आहे. काहींना राग येतो, येऊ दे.

उणं आहे ते रविवारी. एकाच गरीब घोडीवर लागोपाठ तीन धडे. तिसऱ्यात ती वळणावर आत झुकते, शेपूट फटकारते आणि नवखे स्वार तिला आणखी टाचा मारतात. शिवाय तिचं खोगीर दुसऱ्या घोड्यालाही चढवतात. ते उतरवल्यावर मणक्याच्या दोन्ही बाजूंना घाम सारखा हवा; तिच्या डाव्या खांद्यामागे मात्र तळहाताएवढा कोरडा डाग होता. म्हणजे दाब नेमका तिथेच पडतोय. विचारलं तर मोतद्दाराने (घोड्यांची निगा राखणाऱ्याने) खोगिराखाली कापडाची जाड घडी घालून दिली, पण अरुंद खोगिराखाली घडी घातली की ते आणखीच आवळतं.

प्रवेश घ्यायचा तर शनिवारची बॅच मागा.