हंस बघायला १०×५० बायनॉक्युलर: नागपूरच्या गच्चीवरून

हंस तारकासमूहासाठी १०×५० (दहापट मोठं दाखवणारं, ५० मिमी भिंगांचं) बायनॉक्युलर नागपुरात पुरतं का? बरंचसं पुरतं, पण ट्रायपॉडसकटच. ट्रायपॉडला जोडायचा एल आकाराचा अडाप्टर बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो.

खरी कसोटी हंसाच्या चोचीवरचा जोडतारा अल्बिरिओ. त्यातल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर जेमतेम ३४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). हातात धरलं की एकच थरथरणारा ठिपका. ट्रायपॉडवर लावून पाच सेकंद थांबलं की पिवळ्याला खेटून बारीक निळसर टिंब सुटं होतं. नाहीच झालं तर बहुधा फोकस चुकलाय: आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवा, मग डावी झाकून उजव्या आयपीसची (डोळ्याजवळच्या भिंगाची) कडी फिरवा. दोन्ही डोळे जुळूनही प्रत्येक तारा दुहेरी दिसला, तर आतले प्रिझम हललेत. तो नग सरळ बदलून घ्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठला हंस जवळपास डोक्यावर असतो. साधा ट्रायपॉड तितका वर वळत नाही, मान मात्र अवघडते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच वेळी अल्बिरिओ पश्चिम-वायव्येला ४०-४५ अंशांवर उतरतो. तेव्हा काम सोपं.

शहराच्या उजेडात हंसातून जाणारी आकाशगंगा दिसत नाही, हा दोष काचेचा नाही. त्यासाठी पेंच व्याघ्र प्रकल्प गाठा. २०२४ मध्ये तिथे डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून जपलेलं काळोखं आकाश) जाहीर झालंय. पावसाळ्यात मात्र बायनॉक्युलर सिलिका जेल (ओलावा शोषणाऱ्या पुड्या) घालून डबाबंद ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते.