समुद्रातल्या पिंजरा मत्स्यपालनाचा एक दिवसाचा परिचयवर्ग: तीन तारे

कोकण किनाऱ्यावर सर्वसामान्यांसाठी असे वर्ग भरतात, त्यातल्या एकाबद्दल. पिंजऱ्याची रचना उत्तम शिकवतात. 6 मीटर व्यासाची चौकट, आत 4 मीटर खोल जाळं, म्हणजे साधारण 113 घनमीटर पाणी. बाहेरून शिकारी माशांना अडवायला दुसरं जाळं, वर पक्ष्यांना अडवायला तिसरं. जाळ्याला आकार देणारी वजनदार तळकडी आणि नांगराची साखळी हाताळू देतात, हे फारच चांगलं.

जिताडा या पिंजऱ्यात वाढवायच्या माशाची प्रतवारी, म्हणजे आकारानुसार निवड, दोन मिनिटांत उरकली, ते खटकलं. जिताडा आपल्याच भाईबंदांना गिळतो. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) असताना वरचेवर चाळून मोठी-लहान वेगळी केली नाहीत, तर रोगाविनाच संख्या घटते आणि मालक चोर शोधत बसतो! जाळ्यावर शेवाळ, शिंपले, कालवं चढली की पाण्याची ये-जा अडते. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकू लागतात. अशा वेळी खाद्य बंद ठेवून जाळं बदलायचं. हे प्रात्यक्षिकात हवंच होतं.

जागेची निवड ठीक सांगितली: ओहोटीच्या वेळीही जाळ्याखाली पाणी खेळतं हवं, नाहीतर उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, ते जिताडा सोसतो, मोदसा (कोबिया मासा) नाही. नफ्याचा तक्ता दाखवला, पण त्यात खाद्याचा खर्च फारच हलका धरलेला. जाण्याआधी खाद्याचे भाव विचारून जा.