विद्यापीठ खरं होतं, माझा प्रवेश खोटा निघाला

८४,५०० रुपये. ऑनलाइन पदवीच्या नावाखाली माझे गेलेले पैसे. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले तीन महिने भेटणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तोच विचारतो. आणि मग म्हणतो, "अकाउंट्समध्ये काम करतेस ना तू? तुला कळलं कसं नाही?" या दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त जाळलंय.

मी ठाण्यात कोपरीला राहते. तुर्भ्याला एका मालवाहतूक कंपनीत चौदा वर्षं अकाउंट्स बघते. जीएसटी, टीडीएस, पार्ट्यांची खाती, बँकेचा मेळ, सगळं माझ्याकडे. पण बी.कॉम.चं तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. २००६ साली वडील आजारी पडले, पाठोपाठ माझं लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. दोन वर्षांपूर्वी आमची कंपनी दुसऱ्यांनी घेतली. नव्या एचआरने स्पष्ट सांगितलं की सिनियरची जागा हवी तर पदवी दाखवा. जिला मी टॅली शिकवलं, ती मुलगी माझी साहेब होणार होती. हे मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं मी डिग्री विकत घ्यायला गेले होते. मला परीक्षा द्यायची होती, पास व्हायचं होतं. या पदवीसाठी वर्षभर काढलेल्या नोट्सच्या तीन वह्या अजून घरात आहेत.

वाशी स्टेशनजवळच्या एका व्यापारी इमारतीत चौथ्या मजल्यावर ऑनलाइन पदवीला प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कन्सल्टन्सीचं ऑफिस. नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केलीय. आत काउन्सेलर म्हणवणाऱ्या तीन मुली, पाण्याची बाटली, आणि समोरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, सप्टेंबर २०२२ मधलं पत्र. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या वर्गात बसून मिळवलेल्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं त्यात म्हटलंय. हे पत्र खरं आहे. यूजीसीच्या ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणाच्या २०२० च्या नियमावलीतही तेच आहे. म्हणूनच ते भिंतीवर होतं. खोट्या कागदाने मी फसले नाही, खऱ्या कागदाने फसले.

आणि मी तपासलं नव्हतं असंही नाही. त्यांनी परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं नाव सांगितलं. घरी येऊन यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डेबच्या, संकेतस्थळावर यादी काढली. विद्यापीठ यादीत होतं, बी.कॉम. ऑनलाइन होतं, मंजुरीचं सत्रही बरोबर होतं. नवऱ्याला दाखवलं, तोही म्हणाला ठीक आहे. आता सांगते, ती यादी पाहून कुणी निर्धास्त होऊ नका. विद्यापीठ आहे एवढंच ती सांगते. वाशीच्या त्या टेबलामागे बसलेल्या माणसाचा विद्यापीठाशी काही संबंध आहे का, हे ती सांगत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदणी विभागाला एक फोन केला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं. फोन नंबर मात्र विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्या, एजंट देतो तो नको.

आमिष काय होतं तेही ऐका. "ताई, तुमची दोन वर्षं वाया का घालवायची? तुमचे क्रेडिट ट्रान्सफर करू, थेट तिसऱ्या वर्षाला बसा." क्रेडिट म्हणजे पास केलेल्या अभ्यासाचे मोजून ठेवलेले गुणांक. अठरा वर्षांपूर्वी वाया गेलेली दोन वर्षं कुणीतरी परत देतोय म्हटल्यावर माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. क्रेडिट साठवायची अकॅडेमिक बँक सुरूच झाली २०२१ मध्ये, आणि त्यातल्या क्रेडिटची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. माझ्या २००६ च्या मार्कशीटचे क्रेडिट कुठून येणार होते? हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, आणि त्याचेच त्यांनी १८,००० रुपये घेतले.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक काकू बसल्या होत्या. मुलासाठी ऑनलाइन फिजिओथेरपीची चौकशी करत होत्या आणि ती मुलगी "हो, होईल ना" म्हणत होती. ऑनलाइन फिजिओथेरपी! तो अभ्यासक्रम ऑनलाइन घ्यायला परवानगीच नाही. इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट, पीएच.डी., यातलं काहीही कुणी ऑनलाइन देतो म्हणाला तर तिथून उठा. त्या काकूंना मी काही बोलले नाही, कारण मलाही नियम ठाऊक नव्हता. पण हाताने दुखणं बरं करायला शिकणारा मुलगा मोबाइलवर काय शिकणार, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

आता तो क्षण. रोज रात्री तो डोळ्यांसमोर येतो.

टेबलावर पारदर्शक स्टँडमध्ये क्यूआर कोड होता. वर विद्यापीठाचा लोगो, खाली "ॲडमिशन फी". मी स्कॅन केला, २,५०० टाकले, आणि पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं. एका माणसाचं आडनाव आणि पुढे 'एंटरप्रायझेस'. विद्यापीठाचं नाव नाही, ट्रस्ट नाही, काही नाही. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला, चारपाच सेकंद. रोज पार्टीचं नाव आणि खात्याचं नाव जुळल्याशिवाय मी कंपनीचा एक रुपया सोडत नाही. एका अक्षराचा फरक असला तरी ड्रायव्हरचं बिल परत पाठवते. मी विचारलं, "हे नाव वेगळं येतंय?" ती मुलगी मान वर न करता म्हणाली, "ते आमचं कलेक्शन अकाउंट आहे मॅडम, सगळ्यांचं तिथेच जातं." मागे दोघं रांगेत उभे होते. मी पिन टाकला.

कंपनीच्या पैशाला लावते तो नियम स्वतःच्या पैशाला का लावला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मागे माणसं उभी होती म्हणून. तिने मला मॅडम म्हटलं म्हणून. दुसरं काय सांगू?

पुढचे आकडे असे गेले. वर्षाची फी ३२,००० (यातला मोठा भाग भिशीचा होता). क्रेडिट ट्रान्सफर १८,०००. परीक्षा ६,५००. प्रोजेक्ट आणि व्हायवा ४,०००. प्रमाणपत्र आणि मायग्रेशन ९,५००. सगळं त्याच 'एंटरप्रायझेस'ला. पावत्या कन्सल्टन्सीच्या लेटरहेडवर, विद्यापीठाची एकही नाही. विद्यापीठाच्या खात्यावर, विद्यापीठाच्या पोर्टलवरून फी भरता येत नसेल तर भरूच नका. २०२० च्या नियमांनुसार फ्रँचायझीला मनाई आहे. मधल्या माणसाला प्रवेश, शिकवणं, परीक्षा यांचा ठेका देताच येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझा 'प्रवेश' झाला. तोपर्यंत डेब आयडीचा नियम आला होता. ऑनलाइन किंवा दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः डेबच्या पोर्टलवर जाऊन तो काढायचा, प्रवेश त्याच्याशीच जोडलेला. मला तो कुणी मागितला नाही. हे लक्षात ठेवा, डेब आयडी न मागता प्रवेश देतो तो विद्यापीठाचा माणूस नव्हे.

वर्षभर एक पोर्टल होतं, लॉगिन होतं, रेकॉर्ड केलेली लेक्चर्स होती. ठाणे-वाशी लोकलमध्ये कानात हेडफोन घालून मी कॉस्टिंग ऐकायचे. रात्री मुलगी दहावीचा अभ्यास करायची, तिच्याशेजारी बसून मी माझा करायचे. ती मैत्रिणींना सांगायची, आई पण परीक्षेला बसतेय. परीक्षेला व्हॉट्सॲपवर लिंक आली, पन्नास प्रश्न, पर्याय निवडायचे. कॅमेरा नाही, ओळखपत्र नाही, देखरेख नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाची परीक्षा देखरेखीखालीच व्हावी लागते. तेव्हा मला हायसं वाटलं होतं की बरं झालं, सोपी आहे. त्याची लाज वाटते.

ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र आलं. होलोग्राम, शिक्का, सगळं. डिजिलॉकरमध्ये दिसेना म्हणून विचारलं तर म्हणाले सहा महिने लागतात. मी एचआरला दिलं. नोव्हेंबरमध्ये मला केबिनमध्ये बोलावलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एचआरने विचारल्यावर विद्यापीठाकडून आलेलं उत्तर दोन ओळींचं होतं. या क्रमांकाचा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. आम्ही कोणताही एजंट नेमलेला नाही.

चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मला लेखी खुलासा द्यावा लागला, की बनावट कागद मी जाणूनबुजून दिला नाही. नोकरी राहिली, जागा गेली. आणि माझ्यामुळे आमच्या डिस्पॅचमधल्या एका सहकाऱ्याची पदवीही पुन्हा तपासायला पाठवली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची, रात्रपाळ्या करून मिळवलेली, शंभर टक्के खरी. १९८९ पासून चालू असलेलं विद्यापीठ! पण आता आमच्याकडे 'ऑनलाइन', 'दूरस्थ' असं दिसलं की फाइल बाजूला काढतात. तो मला काही बोलला नाही. पण या टोळ्यांनी फक्त माझे पैसे खाल्ले नाहीत, प्रामाणिकपणे शिकलेल्यांच्या पदवीची किंमत खाल्ली, आणि जी कॉलेजं, विद्यापीठं हे नीट चालवतात त्यांचीही.

सगळ्यात मोठा मूर्खपणा त्यानंतरचा. मी वाशीला धावले तर ते म्हणाले, "डेटा अपडेट व्हायचा राहिलाय, व्हेरिफिकेशन चार्ज भरा." १२,००० भरले. विद्यापीठाचा 'नाही' डोळ्यांनी वाचल्यावर भरले! इज्जत वाचेल या एका आशेवर. आठ दिवसांनी फोन बंद, दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ते कल्याणला गेले म्हणतात." कल्याणला कुठे, त्याला माहीत नाही.

मग तक्रार. एका पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस खाडीपलीकडे, तिकडे जा. तिकडच्यांनी सांगितलं, पैसे तुमच्या घरून, तुमच्या बँकेतून गेले, तिकडे जा. चार वेळा अर्धी रजा टाकली. एका साहेबांनी विचारलं, "तुम्हीच भरले ना पैसे? कुणी बंदूक लावली होती?" दुसऱ्यांनी माझं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "हे तर तुम्ही वापरलंय, उद्या तुमच्यावरच गुन्हा होईल." मी रडत बाहेर आले. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण पहिले पैसे जाऊन वर्ष उलटलं होतं, खात्यात गोठवायला काही उरलेलंच नव्हतं. तो नंबर पहिल्या काही तासांत उपयोगाचा, हे लक्षात असू द्या. बँकेने सांगितलं, पिन तुम्ही टाकला, विषय संपला. ज्या ज्या सरकारी पत्त्यांवर ईमेल केले तिथून एकच उत्तर आलं, की संबंधित विद्यापीठाशी संपर्क साधावा. विद्यापीठ म्हणतं आमचा संबंध नाही, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात शिक्षणाचा वाद आहे, विद्यापीठाकडे जा. अहो, माझं नाव कुठे लिहून घ्याल की नाही? ज्या विद्यापीठाचा लोगो त्या टेबलावर राजरोस लावला होता, त्याला स्वतःहून गुन्हा दाखल करावासा वाटत नाही?

वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की हद्दीचं कारण देताच येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नाही घेतली तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवायची, त्यानेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. फसवणुकीचं कलम न्यायसंहितेचं ३१८. हे कागदावर लिहून न्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी पहिल्या तीन वेळा तोंडीच बोलत राहिले, त्यामुळे मी तिथे गेल्याचा पुरावासुद्धा नाही. ग्राहक आयोगातही जाता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी नाही.

पदवी अर्धी राहिलेल्या माझ्यासारख्या बायका खूप आहेत, त्यांच्यासाठी सांगते. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण आहे, इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. तिथे पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली तरी करा. बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, कोपरीहून रिक्षाच्या अंतरावर. तिथे जाऊन नुसतं विचारायचं मला सुचलं नाही आणि मी वाशीचा चौथा मजला चढले.

परीक्षेच्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आम्ही एकेचाळीस जण होतो. मी खरं काय ते लिहिलं त्या रात्री बावीस जण ग्रुप सोडून गेले. समजू शकते. त्यातल्या काहींनी तेच प्रमाणपत्र नोकरीत लावलं असणार. सहा जणी-जणांनी मला फोन केला. कुणाचे ५८,०००, कुणाचे १,१०,०००, एका मुलाने तर व्याजाने काढलेले. येत्या सोमवारी आम्ही सातही जण एकत्र लेखी अर्ज घेऊन जाणार आहोत, बरोबर पावत्या, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, बँकेची स्टेटमेंट्स आणि चॅटच्या छापील प्रती. वाशीच्या त्या चौथ्या मजल्यावर तुम्हीही पैसे भरले असतील तर प्रमाणपत्र फाडून टाकू नका, चॅट पुसू नका, 'एंटरप्रायझेस' नाव दिसणारा तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि सोमवारी आमच्याबरोबर या.