चेर्नोबिलची एक दिवसाची सहल: परिणाम दाखवायचे, कारणात कच्चे

जून २०१९ मध्ये कीव्हहून केलेली सहल. माझी सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली, त्यामुळे माझं लक्ष गाइड १९८६ च्या अणुभट्टीच्या स्फोटाचं कारण काय सांगतो याकडेच होतं.

आधी चांगलं. बस वेळेवर. निषिद्ध क्षेत्राच्या दित्यात्की नाक्यावर पासपोर्ट तपासणी झटपट. लांब बाह्या, बंद बूट, जमिनीवर बसायचं नाही, आतली वस्तू उचलायची नाही, हे नियम गाइडने खरोखर पाळायला लावले. भाड्याचा डोसीमीटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) मिळायचा, तो जरूर घेण्यासारखा होता. कोपाची गावातली घरं पाडून पुरून टाकलीत, बालवाडी तेवढी उभी आहे. तिथे डांबरी वाटेवर आकडा गप्प असतो. तेच यंत्र दाराजवळच्या झाडाखाली मातीशी धरलं की कोकलायला लागतं. हे मुख्यतः स्फोटातून पसरलेलं किरणोत्सारी सिझियम-१३७, दर ३० वर्षांनी निम्मं होणारं. आयोडीन-१३१ काही आठवड्यांतच संपलं, पण तेवढ्यात दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइडपर्यंत पोचलं आणि पुढे कर्करोग वाढले. हा भाग गाइडने छान समजावला.

कारणाशी आल्यावर मात्र गाडी घसरली. ‘ऑपरेटरांनी नियम मोडले, चुकीचं बटण दाबलं.’ अहो, ते बटण नियंत्रक दांड्या आत सोडून भट्टी बंद करायचं होतं! वाफ तोडल्यावर टर्बाइन नुसत्या गतीवर फिरत असताना, डिझेल जनरेटर सुरू होईपर्यंत भट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांना वीज पुरेल का, एवढीच चाचणी होती. मागणी अवेळी वाढली म्हणून कीव्हच्या ग्रिडने ती लांबवली आणि काम रात्रपाळीच्या गळ्यात पडलं. ७०० मेगावॉटच्या जागी शक्ती २०० वर अडकली, तरी चाचणी रेटली; ही चूक त्यांचीच. पण पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढणारी भट्टी त्यांनी बांधली नव्हती. त्या दांड्यांना जोडलेल्या ग्रॅफाइटमुळे त्या खाली सोडताना सुरुवातीला शक्ती उसळते, हे १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना अणुकेंद्रात दिसलं होतं. पाळीवाल्यांना कोणी सांगितलं? १९८६ मध्ये व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत सगळं खापर ऑपरेटरांवर फुटलं; १९९२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने रचनेतले दोष पुढे आणले. गाइड अजून १९८६ मध्येच होता. मी विचारलं, तर ‘जेवणाची वेळ झाली’.

प्रिप्यातमध्ये वेळ फुकट गेला. ४९ हजारांचं शहर स्फोटानंतर दीड दिवसाने रिकामं केलं, ‘तीन दिवसांसाठी’ असं सांगून. तिथे कोणीतरी फोटोसाठी बाहुलीला गॅस मास्क चढवून ठेवला होता आणि अख्खी बस तिच्याभोवती. स्फोट झालेल्या चौथ्या युनिटवरचं १०८ मीटर उंच पोलादी आच्छादन मात्र धावतपळत.

पाचपैकी तीन तारे. या सहली २०२२ पासून युद्धामुळे बंद आहेत; पुन्हा सुरू झाल्या आणि खासगी गाइड परवडत असेल तर तोच घ्या, आणि बुक करण्याआधी एकच विचारा: दांड्यांना ग्रॅफाइट कशाला होतं?