रबर की सिलिकॉन? नागपूरच्या थंडीत इलेक्ट्रिक गाडीचे वायपर

नागपुरात वायपर खराब होतात मे महिन्यात, पण कळतं डिसेंबरात. 45 अंशांत उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं. पावसाळ्यात काचेवर पाणी भरपूर, त्यामुळे ते कसंबसं निभावतं. थंडीत पहाटे काचेवर नुसतं दव आणि धूळ. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे राहत असाल तर राखही. त्या चिखलावरून कडक रबर फिरलं की पट्टे उमटतात. मग भंडारा रोडने सकाळी पूर्वेकडे निघा, सूर्य त्या पट्ट्यांत असा पसरतो की समोरचा ट्रक दिसत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गंमत. इंजिनचा आवाज नाही, त्यामुळे वायपरची करकर थेट कानात. पेट्रोल गाडीत मी ती कधी ऐकलीच नव्हती.

साधं रबर स्वस्त, आणि नवं असताना दव फार छान पुसतं. पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला चिरा पाडतात. आपल्याकडे वर्षभर टिकलं तर नशीब. सिलिकॉन उन्हाला दाद देत नाही, थंडीतही मऊ राहतं, काचेवर पाणी न थांबू देणारा पातळ थर सोडतं. किंमत मात्र बरीच जास्त. शिवाय काच आधी नीट धुतली नाही तर ते थोड्याशा दवावर थरथरतं, आणि तेव्हा पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

माझं मत विचाराल तर आधी पार्किंग बघा. गाडी बेसमेंटमध्ये असेल तर रबरच घ्या, आणि जूनऐवजी नोव्हेंबरात बदला. उघड्यावर असेल तर सिलिकॉन. समृद्धीवर नेहमी जाणं असेल तर दोन्हींत फ्रेमवालं नको, सपाट ब्लेडच घ्या. 120 च्या वेगाला ते काचेला धरून राहतं. काचेमागे कॅमेरा असेल तर त्याच्यासमोरचा भाग नीट पुसला जातो का, तेही बघा.

‘वायपर लावले की रेंज जाते’, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी कमी धावते, हे मात्र मनातून काढा. वायपरला वीज मिळते 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून. 100 वॅट धरले तरी तासाभरात 0.1 युनिट, म्हणजे जेमतेम एक किलोमीटरचा फरक. खरा खर्च हीटरचा. 2 किलोवॅटने तासभर चालला तर दोन युनिट गेले, म्हणजे 12-14 किलोमीटर. म्हणून गाडी चार्जरला असतानाच ॲपवरून काच गरम करून घ्या. आतून धुकं धरलं असेल तर वायपर कितीही फिरवा, उपयोग नाही. गरम हवेसोबत एसी लावा, तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरात पारा 3.5 अंशांवर गेला होता, तरी काचेला वायपर गोठून चिकटण्याची पंचाईत मनालीकडे जाणाऱ्यांची. तिकडे ऑटो वायपर बंद ठेवा, नाहीतर गाडी सुरू होताच मोटर गोठलेल्या ब्लेडशी झुंजते. बोनेटखाली इंजिनची ऊब नसल्याने तो बर्फ आपोआप लवकर सुटतही नाही. काचेवर उकळतं पाणी तर चुकूनही ओतू नका, काच तडकते.

घरीच ब्लेड बदलणार असाल तर काचेवर जाड टॉवेल अंथरा. दांड्याची स्प्रिंग सुटून आपटली तर ब्लेडच्या पैशांत वाचवलेलं सगळं काचेत जातं. बऱ्याच गाड्यांत दांडा बोनेटच्या कडेखाली दडलेला असतो. तिथे आधी सर्व्हिस मोड लावा, म्हणजे दांडे काचेवर वर येऊन थांबतात, मगच उचला.